इन्शुलिन पंप: गोव्याच्या हवेत आणि गोव्याच्या जेवणात

पंप घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारते: रात्री झोप लागते का? टाइप वन मधुमेह असलेल्या माणसाला ह्या प्रश्नाचा अर्थ समजावावा लागत नाही. मला पंपाने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रात्र. दिवसाचं काम त्याने फारसं कमी केलं नाही, फक्त वेगळं केलं. हे कळून पैसे टाकले तर पंपासारखी वस्तू नाही. दिवसाचा हिशेबही तोच बघेल अशा आशेने आणला, तर थोड्याच महिन्यांत तो कपाटात जाऊन बसतो.

मी डिचोली तालुक्यात राहते, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. मला टाइप वन झाला तेव्हा मी स्वतः हायस्कुलात होते. शरीरानेच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या; गोड खाल्ल्यामुळे झालेलं हे दुखणं नव्हे. आमच्याकडे हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं, कारण घरोघरी असतो तो टाइप टू. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) पाहणीत सगळ्या राज्यांत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वाधिक निघालं, 26.4 टक्के. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो: कारल्याचा रस घे, भात सोड, चालायला जा. टाइप वनला इन्शुलिनवाचून इलाज नाही. ते अंगात कसं जाईल, एवढाच काय तो निवडीचा भाग.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं बदलत राहतात, आणि मी सांगते त्यातलं बरंचसं कुठल्याही नळीच्या पंपाला लागू आहे. माझा पंप सेन्सरशी जोडलेला, इन्शुलिन आपोआप कमीजास्त करणारा. पेनावर, म्हणजे स्वतः टोचायच्या इंजेक्शनवर, असताना दोन प्रकारचं इन्शुलिन लागतं, एक दिवसभर पुरणारं (लाँग अ‍ॅक्टिंग) आणि एक जेवणाआधीचं जलद. पंपात जलद तेवढंच भरतात. ते थेंबाथेंबाने चोवीस तास जात राहतं, त्याला बेसल म्हणतात. जेवताना आपण सांगून जास्तीचं देतो ते बोलस. पोटावर चिकटवलेल्या सेटची बारीक मऊ नळी, म्हणजे कॅन्युला, कातडीखाली असते. सेट दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा. सेन्सर दंडावर असतो, तो दर पाच मिनिटांनी पंपाला आकडा कळवतो.

आता रात्रीचं सांगते. पहाटे तीन-चारच्या सुमाराला शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स चढतात, यकृत रक्तात साखर सोडतं आणि काही न खाताही आकडा वर सरकत जातो. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड तेवढं इन्शुलिन सोडून मोकळं होतं. लाँग अ‍ॅक्टिंगचं इंजेक्शन रात्री एकदा टोचलं की मग त्यात हात घालता येत नाही. पहाटेसाठी डोस वाढवला तर दोन वाजता लो (साखर फार खाली), दोन वाजताचं सांभाळलं तर सकाळी सहाला 220. मी गजर लावून उठायचे, बोट टोचायचे, ग्लुकोज खायचं की परत पडायचं ते ठरवायचे. माझ्याबरोबर नवराही जागा. लो झालेल्या रात्री घामाने गाऊन भिजलेला, हात थरथरतायत, आणि साखरेच्या डब्याचं झाकण निघता निघत नाही. दुसऱ्या दिवशी सातच्या आत घर सोडून शाळा गाठायची आणि तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवायची.

पंप आल्यावर सकाळी चहा उकळेपर्यंत मी रात्रीचा आलेख बघते. काल रात्रीचाच सांगते. दीडच्या सुमाराला साखर खाली झुकायला लागली तसं त्याने इन्शुलिन थांबवलं, अडीचच्या आसपास पुन्हा सुरू केलं, साडेतीननंतर वाढवत नेलं. रेघ सबंध रात्र 100 आणि 130 च्या मधे. आणि ह्या सगळ्या वेळात मी झोपलेली होते. डोस हातात धरून पहाटेची वाट बघण्यात माझी किती वर्षं गेली आहेत, ते आठवलं की ह्या एका आलेखासाठी मी पंपाला पूर्ण गुण देते.

साखर 70 ते 180 ह्या पट्ट्यात दिवसाचा निदान 70 टक्के वेळ राहावी, असं डॉक्टर मंडळींचं जगभर मान्य झालेलं लक्ष्य आहे. माझे रात्रीचे तास तेवढे धरले तर आकडा नव्वदच्या पुढे जातो. दुपार धरली की खाली येतो, कारण दुपारी मी जेवते.

पंपाला तुम्ही काय खाल्लं ते कळत नाही. सेन्सरला ते कळतं, पण साखर चढायला लागल्यावर. त्यातही सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. जलद म्हणतात ते इन्शुलिनसुद्धा कामाला लागायला दहा-पंधरा मिनिटं घेतं आणि भरात यायला तासभर. शाळेजवळच्या हॉटेलातली पातळ भाजी आणि दोन पाव खायचे असतील तर मला ऑर्डर देतानाच पंपात कार्बचा (कर्बोदकांचा) आकडा टाकावा लागतो, पाव संपल्यावर टाकून उपयोग नाही. हे गणित मशीन करून देतं, पण आकडा आपणच सांगायचा. म्हणून पंप घ्यायच्या आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. शिजलेल्या भाताच्या 100 ग्रॅममधे साधारण 28 ग्रॅम कार्ब. उकड्या तांदळाच्या पेजेचं पाण्यावर अवलंबून, म्हणून तिथे तांदूळ कोरडे असतानाच तोलायचे, 100 ग्रॅमला 80 च्या जरा आत. भाताबरोबर नारळाचं दाट हुमण आणि तळलेला बांगडा असला की स्निग्धामुळे पचन लांबतं आणि साखर दोन-तीन तासांनी वर येते. त्या उशिराच्या चढाला पंप बऱ्यापैकी आवरतो, पेनावर ते जमायचं नाही.

ह्या सगळ्याची खरी परीक्षा दिवाळीच्या पहिल्या दिवशी असते. नरकासुर जाळून झाला, अभ्यंगस्नान झालं, तुळशीपाशी कारीट चिरडलं की आमच्याकडे पोहे. एका घरी दुधातले, दुसऱ्या घरी ताकातले, कुठे नारळाच्या रसात गूळ घालून केलेले, कुठे बटाट्याचे तिखट. आणि वाड्यावरच्या प्रत्येक घरी जाऊन खायचे, नाही म्हटलं तर माणसं मनाला लावून घेतात. कोरड्या पोह्यांत 100 ग्रॅमला साधारण 76 ग्रॅम कार्ब असतात. गूळ म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. मी आदल्या रात्री घरचे पोहे कोरडेच तोलून, भिजवल्यावर एका वाटीत किती बसतात ते काढून ठेवते. मग परक्या घरची वाटी डोळ्यांनी मोजता येते. पेनावर असताना पाच घरं म्हणजे पाच वेळा आत जाऊन पदर सावरून टोचून येणं, किंवा सकाळीच एकदम मोठा डोस घेऊन प्रत्येक घरी खावंच लागणं. आता मी ओसरीवर बसल्याबसल्या पंपात आकडा टाकते, वाटी हातात येईपर्यंत बोलस सुरू झालेला असतो. आधीच्या घरी घेतलेलं इन्शुलिन अंगात अजून किती शिल्लक आहे ते पंप धरून चालतो आणि साखर जास्त दिसली तर ती उतरवायच्या दुरुस्तीच्या डोसातून ते वजा करतो. हा हिशेब डोक्यात ठेवून पाहुणचार घेणं फार कठीण असायचं. गेल्या दिवाळीत मी शेजारच्या काकींकडे रसातले पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले.

चतुर्थीच्या नेवऱ्या मात्र अजून अवघड जातात. तळलेल्या, आत खोबरं आणि साखर. अशा खाण्याला बोलस दोन भागांत, काही आता आणि काही पुढच्या दोन तासांत, द्यायची सोय पंपात आहे, पण स्वयंचलित पद्धत चालू असताना माझ्या पंपात ती बंद होते. ही मला त्याची खरी उणीव वाटते. आमच्यासारख्या नारळ आणि तळण खाणाऱ्यांना तीच जास्त लागते.

हवेचं वेगळं लिहायला हवं, कारण माहितीपुस्तकातली चिकटपट्टी गोव्याच्या मे महिन्यासाठी केलेली नाही. सेटची कड घामाने उचलली जाते, सेन्सर दुपारच्या बसमधेच सुटायला लागतो. वरून लावायची जादा टेप मी वर्षभर वापरते आणि उन्हाळ्यात सेट नेहमी संध्याकाळी, अंग पूर्ण कोरडं करून, पंख्याखाली बसून लावते. खोबरेल तेल ह्या गोंदाचा शत्रू. अभ्यंगाच्या दिवशी सेट बदलायची वेळ स्नानानंतर येईल अशी मी आधीच जुळवून ठेवते, आणि सासूबाई पाठीला तेल चोळताना दंडावरची तळहाताएवढी जागा न चुकता सोडतात. सेटपासून पंप सोडवून आंघोळ करता येते. तासाभरापेक्षा जास्त वेळ मात्र तो बाजूला ठेवू नये.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पंपातलं इन्शुलिन 37 अंशांवर गेलं तर ते टाकून द्यायचं असतं. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत किंवा किनाऱ्यावर टॉवेलवर पंप ठेवणं म्हणजे आतलं औषध घालवणं. पावसात वीज गेली की फ्रिजची काळजी. मडक्यात ठेवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मडकं गार होतं ते पाणी सुकल्यामुळे, आणि आमच्या जुलैच्या दमट हवेत पाणी सुकतच नाही. कोरड्या मुलखात ते जेवढं चालतं तेवढं इथे चालत नाही. मी तेव्हा बर्फाच्या पिशव्या थर्मासमधे ठेवते आणि बाटली कापडात गुंडाळून आत, बर्फाला थेट न लागेल अशी. इन्शुलिन गोठलं तरी वाया जातं.

साडीत पंप कुठे ठेवायचा, हे मला कुठल्याच माहितीत सापडलं नाही. प्रात्यक्षिकातली माणसं पॅंटच्या पट्ट्याला अडकवून दाखवतात. मी साखळी गावच्या बाजारातल्या शिंप्याकडून परकराला आतून, उजव्या बाजूला नाडीखाली चार बोटं, सुती खिसा शिवून घेतला, वरून बटण आणि नळीला एक बारीक काज. नळी आतल्या आत राहते, दाराच्या कडीला अडकत नाही. बोलस पंपावरूनच द्यावा लागतो, मोबाईलवर नुसते आकडे दिसतात, त्यामुळे बटण दाबायला आडोसा लागतोच. बायकांच्या कपड्यांचा विचार ह्या वस्तू करणाऱ्यांनी केलेला नाही, आणि तो करायला हवा. एरवी आकाराबद्दल माझी तक्रार नाही. 1963 साली लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नॉल्ड केडिश यांनी पहिला पंप बनवला तो पाठीवर बांधायचा होता. आता तो मुठीत मावतो आणि माझा साध्या पेन्सिल सेलवर चालतो, जो कुठल्याही पोसऱ्यात (गावातल्या छोट्या दुकानात) मिळतो. चार्जिंगची वायर शोधावी लागत नाही, हे खेडेगावात राहणाऱ्याला मोठंच सुख.

वर्गात तो वाजतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा पुढच्या बाकावरची पोर म्हणाली, "बाई, तुमचें मशीन वाजता." मी मुलांना सरळ सांगितलं की माझ्या पोटात एक औषध बनत नाही, ते हे मशीन देतं. त्या दिवसापासून आवाज आला की कुणीतरी टेबलावरचा ग्लुकोजचा डबा माझ्याकडे सरकवतं. पण सूचना फार आहेत. साखर उतरतेय, साखर चढतेय, सेन्सरचा संपर्क तुटला, बोट टोचून खात्री करा. रात्रीच्या कितीतरी सूचना बंद ठेवता येतात. पहिल्याच आठवड्यात बसून ते करून घ्या, नाहीतर झोपेसाठी घेतलेला पंपच झोप मोडेल.

आता सगळ्यात गंभीर भाग. पंपात लाँग अ‍ॅक्टिंग नसतं, म्हणून इन्शुलिन जायचं थांबलं तर अंगात साठा काहीच नाही. कॅन्युला कातडीखाली दुमडली, तर पंपाला वाटतं आपण देतोय, आणि शरीराला काही पोचत नाही. पूर्ण अडल्याशिवाय तो ओरडत नाही. काही तासांत कीटोन (इन्शुलिनअभावी चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) वाढतात, ओकाऱ्या सुरू होतात आणि दवाखाना गाठावा लागतो. माझ्या डॉक्टरांनी घालून दिलेला नियम असा: साखर 250 च्या वर, दुरुस्तीचा डोस दिला तरी उतरत नाही, तर कीटोन तपासायचे, पेनाने इन्शुलिन टोचायचं आणि सेट नवा लावायचा. ह्या क्रमाने, पंपाशी वाद न घालता. म्हणून शाळेच्या पिशवीत जादा सेट, जलद इन्शुलिनचं पेन, कीटोनच्या पट्ट्या आणि सेल कायम. हे सामान बाळगायचा कंटाळा असणाऱ्याने पंप घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

पंपावरची भाषा इंग्रजी, पुस्तिका इंग्रजी. शिकवायला आलेल्या मुलीने सगळं नीट समजावलं, तीन वेळा माझ्याकडून सेट लावून घेतला, फोनवरही ती उत्तर देते. त्याबद्दल तिचं कौतुक. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काय करायचं ते कळलं पाहिजे. मी मोठ्या अक्षरांत मराठीत कागद लिहून फ्रिजवर लावला आहे. "मी बोलत असेन तर फळीवरचं ग्लुकोज तीन चमचे पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. मी बोलत नसेन तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा. पोटावरची टोपी दोन्ही बाजूंनी दाबून नळी सोडवा. 108 ला फोन करा आणि डायबेटीस, इन्शुलिन पंप, एवढं सांगा." सासूबाईंकडून मी जुन्या सेटवर टोपी सोडवायचा सराव करून घेतला. असा कागद कंपनीने कोकणी-मराठीत छापून डब्यात घालायला हवा, त्याला फार खर्च नाही.

खर्च. पंप काही लाखांत जातो, आणि खरं ओझं नंतरचं आहे. सेट, रिझर्व्हॉयर (पंपात इन्शुलिन भरायची कुपी), सेन्सर, टेप धरून मला महिन्याला वीस हजारांच्या वर लागतात, इन्शुलिन वेगळं. माझ्या विम्याने ह्यातलं काही मान्य केलं नाही. सामान कुरियरने येतं, आणि पावसाळ्यात घाट बंद झाला की रखडतं; पुरवठादाराला फोन केला तर निघालंय, एवढंच उत्तर. मे महिन्यातच ऑगस्टपर्यंतचा माल मागवून ठेवायचा, पण सेन्सरवरची मुदत बघून. पैशांची ओढाताण असेल तर आधी नुसता सेन्सर घ्या, पेन चालू ठेवा. रात्रीची लो कळायला तेवढ्यानेही पुष्कळ मदत होते. मुलांच्या बाबतीत मात्र, जमत असेल तर थांबू नका, असं मी त्यांच्या आईवडिलांना सांगते. लहान मुलाला लागणारं बारीक प्रमाण पेनाने देता येत नाही. पेनाचं माप अर्ध्या युनिटापर्यंत, पंप त्याच्या कितीतरी लहान भाग देतो.

घेण्याआधी ट्रायल मागा, बहुतेक ठिकाणी ती मिळते. ती शाळेच्या सुट्टीतल्या निवांत आठवड्यात घेऊ नका, चतुर्थीच्या आठवड्यात घ्या. तेव्हा घरात पाहुणे असतात, नेवऱ्या-पातोळ्या असतात, फुगड्या असतात, जागरण असतं, पाऊस आणि घाम दोन्ही असतं. पहिले दोन दिवस आकडे वेडेवाकडे येतील, ते सोडून द्या. तिसऱ्या रात्रीपासूनचे आलेख मात्र छापून डॉक्टरांकडे न्या आणि पहाटे तीन ते सहाची रेघ त्यांना आधी दाखवा.